माझ्या नावच्या चाळीस पेट्या

३ तारीख, सोमवार

आज साहेबांनी वार्षिक जाहीर वाचनासाठी माझी निवड केली. या निवडीमागे माझी गुणवत्ता नाही, माझा आवाज आहे. अधिक अचूक लिहायचे तर त्याचा अभाव आहे.

नियम असा आहे की शासनाकडून शेतीसाठी ज्यांना अनुदान मिळाले, त्या प्रत्येकाचे नाव, पत्ता, कारण आणि रक्कम वर्षातून एकदा भरसभेत वाचून दाखवावी. कोणाला काय मिळाले हे सर्वांना कळावे, हा हेतू. आमच्या कृषी कार्यालयाने हा नियम कधीही मोडलेला नाही. फक्त सभेच्या आठवड्यात ध्वनिक्षेपक दरवर्षी दुरुस्तीला जातो, आणि वाचक फार विचारपूर्वक निवडला जातो. गेल्या वर्षीचे वाचक निवृत्तीला आठ दिवस उरलेले एक गृहस्थ होते. ते दातांची कवळी घरी विसरून आले होते.

"तू वाचशील ना यादी?" साहेबांनी विचारले.

"माझा आवाज लहान आहे, साहेब."

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितले.

साहेब हेडक्लार्क बाईंकडे वळले. "बघा, समोर बसून मला ऐकू येत नाही. हिच्याहून लायक कोण मिळणार?"

हेडक्लार्क बाईंना सगळे 'तांबडी शाई' म्हणतात, कारण त्या दुसऱ्यांच्या कागदांवर लाल खुणा करतात आणि स्वतः एकही कागद लिहीत नाहीत. शिपायाला 'वर्तमानपत्र' म्हणतात. कारण उघड आहे. मला टोपणनाव नाही. येथे कंत्राटावर येऊन मला चार महिने झाले, पण टोपणनाव ठेवण्यासाठी आधी माणूस आहे हे लक्षात यावे लागते.

वाचन नीट पार पडले तर मला कायम करण्याची शिफारस साहेब करणार आहेत. आईला सांगितले. ती म्हणाली, "जरा मोठ्याने सांग, नळ चालू आहे."

६ तारीख, गुरुवार

मधवाली बाई आज पुन्हा आल्या होत्या. पन्नाशीच्या आहेत, मनगटांवर माश्यांच्या डंखांचे जुने डाग आहेत. मधमाश्यांच्या चाळीस पेट्यांसाठी त्यांनी तिसऱ्यांदा अर्ज केला होता. नकाराचे उत्तर मीच लिहिले होते, आणि खरे सांगायचे तर ते चांगले उतरले होते. 'आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला असून' या वाक्यात मला विशेष गती आहे.

"म्हणजे काय गं पोरी, सोप्या भाषेत सांग," त्या म्हणाल्या.

"तुमच्या हद्दीत चाळीस पेट्या असलेले एक मधमाशीपालक आधीच आहेत. एका हद्दीत एकालाच पेट्या मिळतात."

"कोण आहे तो? माझ्या माश्यांची त्याच्या माश्यांशी अजून गाठ नाही पडली कधी."

नावे सभेपूर्वी सांगता येत नाहीत, असे मी नियमाप्रमाणे सांगितले. त्यांच्याकडे साबणाच्या खोक्यांच्या सहा पेट्या आहेत आणि तळ कुजले आहेत. थंडी पडायच्या आत नव्या मिळाल्या नाहीत तर माश्या निघून जातील, असे त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी मधाची छोटी बाटली माझ्या टेबलावर ठेवली. लाच समजून मी ती परत केली. त्या हसल्या. "अगं, नकार लिहिणाऱ्याला कोण लाच देतं?"



१० तारीख, सोमवार

यादी अकरा नोंदवह्यांत विखुरलेली आहे. दहा सापडल्या. अकरावी सापडत नाही, आणि ती सापडावी अशी घाई माझ्याखेरीज कोणाला नाही.

आजवर यादी फाइलच्या क्रमांकाने वाचली जात असे. फाइलचा क्रमांक हा केवळ योगायोगाचा क्रम आहे. ज्या पुस्तकात प्रकरणे अशी लावलेली असतात, ते मी दुसऱ्या पानावर मिटते. म्हणून मी सर्व नावे पत्त्यानुसार लावत आहे: आधी हद्द, मग रस्ता, मग घर. एका घरातील मंडळी एकत्र आली की यादीला कुटुंबवत्सल रूप येते.

काही नोंदी लक्षवेधी आहेत. शिंप्याच्या दुकानाच्या गच्चीवर साडेसात एकर मोसंबी आहे. तलावाजवळच्या एका गल्लीत तेवीस शेतकरी राहतात. त्या गल्लीत मी शाळेत असताना रोज जात असे आणि तेथे एकच झाड होते, तेही विजेच्या तारेला लागते म्हणून तोडले. मी या जागांपुढे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्हे केली. तांबडी शाई म्हणाल्या, "अगं, खोडून टाक ती. यादीला प्रश्न नसतात, फक्त एकूण असते."

रात्री जेवताना हे सर्व घरी सांगितले. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, काका-काकू खाली, जेवण एकत्र. बाबा गेल्यापासून काकांनीच आमचे सगळे पाहिले. ते दातांचे डॉक्टर आहेत, गावात एकटेच, त्यामुळे गावातील प्रत्येक मोठ्या माणसाने कधी ना कधी त्यांच्यापुढे आ केलेला आहे. साहेबांनीसुद्धा. माझी नोकरी तेथूनच आली.

"पत्त्यानुसार?" काकांनी विचारले. "साहेबांना चाललं हे?"

"त्यांनी सही केली. म्हणाले, अक्षर सुंदर आहे."

काकांना ठसका लागला. काकूंनी पाठीवर थापट्या मारल्या. आई पानातल्या भाताकडे अशी पाहत राहिली, जणू त्यात खडा असावा.

१३ तारीख, गुरुवार

काका किती मायाळू आहेत. आज सकाळी त्यांनी स्वतःहून माझे दात तपासले. खिडकीत उभे केले आणि चमच्याने गाल बाजूला केला.

"अक्कलदाढ आडवी येतेय, पंडिता." ते मला पंडिता म्हणतात. "काढावी लागणार."

"दुखत नाही, काका."

"दुखायला लागल्यावर सगळेच येतात. हुशार माणूस आधी येतो. वीस तारखेला ये."

मी म्हणाले की एकवीसला वाचन आहे आणि दाढ काढल्यावर बोलता येणार नाही. काकांनी कपाळावर हात मारला. "अरेच्चा. हे लक्षातच नाही आलं बघ. पण तब्येतीपुढे काय?"

आईही त्यांच्याच बाजूने बोलली. सोमवारपासून ती मला दिवसातून तीनदा गुळण्या करायला लावते आणि माझा घसा बसला आहे असे शेजारी सांगते. माझा घसा कधी उठलेलाच नव्हता, मग बसणार कसा, हा विचार माझ्या मनात आला. पण इतक्या माणसांना माझ्या आरोग्याची काळजी वाटावी, ही भाग्याची गोष्ट आहे. होकार दिला. वाचन दुसऱ्या कोणी करावे असे उद्या साहेबांना सांगेन.

१४ तारीख, शुक्रवार

साहेबांना सांगितले. ते म्हणाले, "दाढ काढून वाचलंस तर आणखी छान."

१८ तारीख, मंगळवार

अकरावी नोंदवही सापडली. वर्तमानपत्राने ती तांबड्या शाईंच्या घरून आणली. त्यांच्या शिवणयंत्राचा एक पाय आखूड आहे, त्याखाली ती असते आणि फक्त नोंद करण्यापुरती बाहेर निघते.

"ताई, ही उघडण्याआधी पाणी पिऊन घ्या," वर्तमानपत्र म्हणाला.

मी पाणी प्याले नाही. चौसष्टाव्या पानावर माझे नाव होते.

माझे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, आमच्या घराच्या क्रमांकासह. व्यवसाय: मधमाशीपालन. पेट्या: चाळीस. अनुभव: नऊ वर्षे. अर्जाच्या वेळी माझे वय सतरा होते, म्हणजे मी आठव्या वर्षी माश्या पाळू लागले असणार. दरवर्षी देखभालीची रक्कम घेतल्याची नोंद, आणि प्रत्येक नोंदीपुढे माझी सही. ती खोटी नाही. तिसऱ्या अक्षराचा वळसा माझाच आहे. त्या वळशासाठी मला शाळेत बक्षीस मिळाले होते.

माशी खोलीत आली तर मी खोलीबाहेर जाते.

त्याच पानावर आमचे उरलेले घर होते. आई: हरितगृह, अर्धा एकर. (आमच्या गच्चीत तीन कुंड्या आहेत. एकीत छत्री ठेवतो.) काकू: शेळ्या बारा. पुढच्या पानावर साहेबांच्या मेहुण्यांचे शेततळे होते. त्या तळ्याला निळ्या फरश्या आहेत, एका टोकाला उडी मारायची फळी आहे आणि तासाप्रमाणे तिकीट आहे.

आता सह्यांविषयी. शाळेपासून दर वर्षी काका कागद आणीत. "शिष्यवृत्तीचा आहे, पंडिता, इथे सही कर." मी साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा वाचते. औषधाच्या बाटलीतली चिठ्ठी वाचते. हे कागद मात्र कधी वाचले नाहीत, कारण घरच्या माणसाचा कागद वाचून सही करणे मला उद्धटपणाचे वाटत असे.

मग मधवाली बाई आठवल्या. त्यांच्या हद्दीतला तो मधमाशीपालक मी आहे. नकार देणारी मी, आणि ज्याच्यामुळे नकार तीही मीच. 'सहानुभूतीपूर्वक' हा शब्द मी स्वतः निवडला होता.

आईला विचारले, "तुला माहीत होतं?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "माझ्यापुढेही कागद यायचे. मी कुठे वाचते? वाचणारी तू."

"पैसे कुठे गेले?"

"तुझ्या वसतिगृहाला. तुझ्या पुस्तकांना. थोडे काकांच्या त्या नव्या खुर्चीला, वरखाली होते ती." तिने माझ्या ओढणीची घडी चार वेळा घातली. "तुझं सुवर्णपदक आलं त्या दिवशी मी काकांच्या पाया पडले होते. आता सांग, काय करायला हवं होतं मी?"

ज्या माश्या नव्हत्या, त्यांनी मला पदवीपर्यंत पोसले. खऱ्या माश्या साबणाच्या खोक्यात आहेत.

१९ तारीख, बुधवार

साहेबांनी दार लावून घेतले. इतकी वर्षे उघडे राहून फुगलेले दार आहे, दोनदा ढकलावे लागले.

"अकरावी वही बघितलीस म्हणे. घाबरू नकोस. उद्या-परवा वाचन होऊ दे, मग तुझं नाव काढून टाकतो."

"आणि पेट्या?"

"पेट्या तुझ्या काकूच्या नावावर करतो. तू स्वच्छ. कायम झालीस. संपलं."

"म्हणजे हद्दीचा कोटा भरलेलाच राहील."

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितले नाही. माझ्या आवाजाचा हा एक उपयोग मला आज प्रथम कळला: आपण बोललो आहोत हे आपल्याला माहीत राहते आणि समोरच्याने उत्तर द्यायला हवे असे नाही.

घरी येऊन मूळ परिपत्रक वाचले. ते बावीस पानी आहे आणि विसाव्या पानापुढची पाने एकमेकांना चिकटलेली होती. सुरीने सोडवावी लागली. एकविसाव्या पानावर लिहिले आहे की लाभार्थ्याने वाचनाच्या वेळी स्वतः हजर राहून लाभ नाकारल्यास त्याची जागा त्याच सभेत रिकामी धरावी. हे कलम कधी वापरले गेले नसावे. आपले नाव वाचले जात असताना तेथे हजर राहण्याइतका निष्काळजी लाभार्थी आजवर झाला नाही.

२० तारीख, गुरुवार

ठरल्याप्रमाणे दवाखान्यात गेले. काका हातमोजे घालून तयार होते.

"आज दाढ नको, काका. वाचनानंतर काढू."

त्यांनी हातमोजे काढले. एकेक बोट ओढून, फार सावकाश. मग पेशंटच्या खुर्चीत स्वतःच बसले, त्या वरखाली होणाऱ्या.

"मी चोर नाही गं," ते म्हणाले. "दादा गेला तेव्हा तू आठवीत. दवाखान्यात दिवसाला दोन माणसं यायची, त्यातलं एक उधार. साहेबच म्हणाले, पोर हुशार आहे, नावावर एखादा धंदा दाखवा. सगळेच घेत होते."

"शिंपीसुद्धा," मी म्हणाले.

"त्या शिंप्याला तर साडेसात एकर." त्यांचा आवाज दुखावलेला होता. "आपण मोजून चाळीस पेट्या घेतल्या."

मला हसू आले आणि त्याची लाज वाटली. काका हसले नाहीत. "उद्या वाचताना एकाऐवजी दोन पानं उलटली तर कोण बघतंय, पंडिता? लोक माझ्यापुढे तोंड उघडतात ते विश्वासावर. तो गेला तर मी काय करू, शेळ्या पाळू?"

"त्या बारा आहेतच."

हे वाक्य माझ्या तोंडून कसे निघाले ते मला सांगता येणार नाही. मी तेथून जवळजवळ पळाले.

झोप येत नाही. कोणत्याही पुस्तकात याचे उत्तर नाही; मी नऊ पाहिली.

२१ तारीख, शुक्रवार

जे घडले ते क्रमाने लिहिते.

सभागृहात साठ खुर्च्या होत्या आणि सुमारे चाळीस माणसे. ध्वनिक्षेपक दुरुस्तीला गेला होता. लोक दरवर्षीप्रमाणे गप्पा मारायला आले होते. साहेबांचे मेहुणे पहिल्या रांगेत पाय पसरून बसले होते. मधवाली बाई तिसऱ्या रांगेत होत्या.

मी वाचू लागले. कोणालाही काही ऐकू आले नाही. साहेबांनी समाधानाने डोळे मिटले.

मग त्यांच्या योजनेतील एकमेव चूक उघडकीस आली. मोठा आवाज चालू असताना माणसे आपापसांत बोलू शकतात. बारीक आवाज चालू असला आणि त्यात मधूनच ओळखीचे नाव कानावर पडले, की त्यांना गप्प बसावे लागते.

"अगं, शिंप्याचं नाव घेतलं का तिने?" दुसऱ्या रांगेतून कोणी म्हणाले.

"गप्प, ऐकू दे."

"साडेसात एकर?"

"गप्प बस की. पुढचं जातंय."

खुर्च्या पुढे सरकल्या. पंख्याचा आवाज येतो म्हणून कोणीतरी पंखा बंद केला. वर्तमानपत्राने रस्त्याकडच्या खिडक्या लावल्या आणि माझ्याकडे न पाहता पुन्हा दारात जाऊन उभा राहिला. तलावाजवळच्या गल्लीतील तेवीस शेतकरी मी एकापाठोपाठ एक वाचले. अकराव्याला कोणी हसले. सोळाव्यापर्यंत सगळेच हसत होते. विसाव्याला हसू थांबले, आणि तेविसाव्याला मला माझ्याच कागदाची सळसळ ऐकू आली. शेततळे आले तेव्हा मागून एक मुलगी म्हणाली, "मी त्यात पोहायला शिकले." मेहुण्यांनी पाय आत घेतले. साहेबांचे डोळे उघडे होते.

मग आमचा रस्ता आला, आणि मग आमचे घर.

पान जाड लागले. खरोखरच दोन पाने एकमेकांना चिकटली होती. बोट ओले केले आणि ती वेगळी केली.

काकूंच्या शेळ्या वाचल्या. आईचे हरितगृह वाचले. मग माझे नाव वाचले, वडिलांच्या नावासह. मधमाशीपालन, पेट्या चाळीस, अनुभव नऊ वर्षे.

मधवाली बाई उभ्या राहिल्या. "ही बाई हजर आहे का इथं? मला तिला एकदा बघायचंय."

"मी आहे," मी म्हणाले. "हजर आहे. या चाळीस पेट्यांपैकी मी एकही पाहिलेली नाही. सह्या माझ्या आहेत. परिपत्रकाच्या पान एकवीसनुसार मी हा लाभ नाकारते. घेतलेली रक्कम परत करीन; पगारातून, जोवर पगार आहे तोवर. आपल्या हद्दीतील जागा या क्षणापासून रिकामी आहे. माझी विनंती आहे की याची नोंद व्हावी."

तांबड्या शाईंनी नोंद केली. स्वतःच्या हाताने, आणि तांबड्या शाईने, कारण दुसरे पेन त्यांच्याकडे नव्हते.

"तरीच," मधवाली बाई म्हणाल्या, "तुझ्या माश्यांची गाठ पडली नाही ती," आणि खाली बसल्या. यादीत अजून एकशे बारा नावे होती. मी ती सर्व वाचली. कोणीही उठून गेले नाही.

घरी आले तर आई चप्पल काढत होती. मला वाटले होते की ती घरीच आहे.

"शेवटच्या रांगेत बसले होते," ती म्हणाली. "सगळं ऐकू आलं."

तिने गुळण्यांचा तांब्या उचलून जागेवर ठेवून दिला.

२४ तारीख, सोमवार

माझे कंत्राट महिनाअखेर संपेल, वाढणार नाही. साहेबांनी ते मला लेखी दिले. मसुदा वाईट होता. एका वाक्यात दोन कर्ते होते. मी सुधारून परत दिला, त्यांनी त्यावर तशीच सही केली.

मधवाल्या बाईंच्या चौथ्या अर्जाला मी मंजुरीचे पत्र लिहिले. त्यात 'सहानुभूतीपूर्वक' नाही. 'चाळीस पेट्या मंजूर' एवढेच आहे.

मला टोपणनाव मिळाले आहे. वर्तमानपत्राने सांगितले. कार्यालयात मला 'ध्वनिक्षेपक' म्हणतात.

काका तीन दिवस वर जेवायला आलेले नाहीत. त्यांचे पान आई वाढते आणि झाकून ठेवते.

२६ तारीख, बुधवार

पहाटेपासून अक्कलदाढ दुखते आहे. खरोखर. गाल सुजला. नियतीला विनोदबुद्धी आहे, पण चव नाही. गावात दातांचे डॉक्टर एकच.

दहा वाजता दवाखान्यात गेले. बाकावर कोणी नव्हते. काकांनी माझ्या गालाकडे पाहिले, दार पुढे लोटले आणि खुर्चीकडे बोट केले. मी बसले. खुर्ची वर गेली. ती फार चांगली खुर्ची आहे, हे मान्य केले पाहिजे.

"तोंड उघड," ते म्हणाले. मग दिवा वळवून, "त्या दिवशी उघडलंस तेवढं नको. त्याच्या निम्मं पुरे."

त्यांनी भूल दिली. नीट, दोनदा तपासून. हात स्थिर होता. दाढ निघाली तेव्हा त्यांनी ती चिमट्यात धरून उजेडात पाहिली. "आडवीच होती," ते म्हणाले. "मी खोटं नव्हतो बोललो."

मग कापूस दाबून बसवला आणि माझ्याकडे पाठ करून हात धुऊ लागले. पाणी बराच वेळ चालू होते.

"दुखलं का फार?" त्यांनी भिंतीला विचारले.

मला बोलता येत नव्हते. टेबलावरच्या औषधाच्या चिठ्ठीवर मी लिहिले: 'हो. तुम्हांला?'

त्यांनी हात पुसून ती चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग चारपदरी घडी घालून पांढऱ्या डगल्याच्या खिशात ठेवली.

काकांनी आजवर माझ्याकडून पुष्कळ कागद घेतले आहेत. त्यावर काय लिहिले आहे हे मला ठाऊक असलेला हा पहिलाच.